मी पायरी झाले ती दुपार

टिट्.

घरात कुणी बोलत नव्हतं. विवेक दिवाणखान्यात टीव्ही न लावताच टीव्हीसमोर बसला होता. ऋता बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला बसून आपल्या तळहाताकडे बघत होती. तळहाताला कुंकू लागलं होतं. आणि त्या शांततेत क्लॉझेटमधून आवाज आला, टिट्.

दचकू नका मित्रांनो, तो आवाज माझाच. माझी बॅटरी संपत आली की मी अशी टिटवते. मी एक जुनी तिजोरी आहे. तिजोरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हत्तीएवढं लोखंडी धूड येत असेल. तशी मी नाही. मी मायक्रोवेव्हएवढी, काळी, चौकोनी. माझी बटणं डोक्यावर आहेत. टेक्सासातल्या शुगर लँड गावात, ऋता आणि विवेकच्या घरात, माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या कपाटात मी जमिनीवर बसून असते. इथले लोक त्या कपाटाला क्लॉझेट म्हणतात. बेडरूमला लागून दिवाणखाना आहे, त्यामुळे मला घरातलं सगळं ऐकू येतं. नको ते सुद्धा.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, सांधला, रंगवला. पोटात जाड स्पंज बसवला आणि त्या स्पंजात एका पिस्तुलाच्या आकाराचा खळगा कोरला. तो खळगा म्हणजे माझी जन्मखूण. तुमच्या गालावर तीळ असतो तशी. शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायची. ती आम्हा प्रत्येकीची बटणं मुद्दाम चुकीची दाबायची. फार वेळा चुकलं की आम्ही केकाटायचो. "गुड गर्ल," असं म्हणून ती डोक्यावर थोपटायची आणि पुढचीकडे वळायची. मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर चित्र होतं : हात पुढे केलेलं एक लहान मूल आणि त्याच्या हाताला न लागणारं, माझ्या पोटातलं पिस्तूल. म्हणजे मी कशासाठी आहे हे माझ्या खोक्यावरच छापलेलं होतं. मला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळत होतं.

या घरात मला आणलं ते ऋताने हट्ट धरला म्हणून. झालं असं, की ऐन दिवाळीत सगळी मंडळी कार्यक्रमाला गेलेली असताना यांच्या ओळखीतल्या चंद्रशेखर नावाच्या गृहस्थांचं घर फोडलं. चोरांनी टीव्हीला हात लावला नाही, लॅपटॉपला लावला नाही. फक्त सोनं नेलं. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे आता चोरांनाही पाठ झालंय. त्यानंतर गावातल्या कितीतरी घरांत कॅमेरे लागले, कुत्रे आले. विवेकने पिस्तूल घेतलं.

"हे घरात येणार असेल ना, तर आधी तिजोरी येईल," ऋता म्हणाली. तेव्हा ती गरोदर होती. "आणि कोड मी ठरवणार."

"बरं बाई, ठरव," विवेक म्हणाला.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. इला जन्मली, रांगायला लागली. क्लॉझेटमध्ये येऊन माझ्या डोक्यावर दोन्ही हातांनी तबला वाजवायची. मी ढिम्म हलत नसे. चुकीची बटणं दाबली गेली की मी ओरडायची, ती खुदकन हसायची आणि ऋता धावत येऊन तिला उचलून न्यायची. "ओरडली का गं आपली म्हातारी?" असं ती इलाला विचारायची. मला म्हातारी म्हटलेलं आवडायचं. घरातल्या म्हातारीचं काय काम असतं? लेकरांकडे लक्ष ठेवायचं. ते मी करत होते.

मग यंदाच्या उन्हाळ्यात विवेकची आई, मालिनीताई, नाशिकहून आली. येताना सुनेसाठी आणि नातीसाठी घरातलं सोनं घेऊन आली. पाटल्या, ठुशी, चपलाहार, इलाच्या बिंदल्या. डब्यांवर डबे. बँकेत लॉकरसाठी चौकशी केली, तर थोडे दिवस थांबायला सांगितलं.

"अगं, घरात एवढी तिजोरी असताना सोनं साड्यांत काय ठेवतेस?" मालिनीताई म्हणाली.

"आई, त्यात याची गन आहे."

"मग ती ठेव साड्यांत! गन कोण चोरतंय?"

दोघी हसल्या. मलाही तेव्हा तो विनोदच वाटला. ऋताने माझं दार उघडलं, पिस्तूल बाहेर काढलं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं आणि माझ्या बरोबर वरच्या फळीवर, पैठणीच्या खोक्यामागे सारलं. "दोनच दिवस हं," ती विवेकला म्हणाली. "लॉकर मिळाला की परत."

"राहू दे गं तिथेच," विवेक म्हणाला. "चोर आला तर काय कोड दाबत बसू? एक्स्क्यूज मी, जरा थांबा म्हणून?"

दागिन्यांचे डबे मावेनात, म्हणून माझ्या पोटातला स्पंज उपटून काढला. तो इलाने उचलून नेला. तिच्या बाहुलीला गादी हवी होती. पिस्तुलाच्या खळग्यात बाहुली बरोब्बर बसली.

दोन दिवस गेले, उन्हाळा गेला, मालिनीताई परत नाशिकला गेली. माझ्या पोटात सोनं होतं. कुणी येऊन माझा कोड दाबला की तो कुठल्या तरी बारशाला, वाढदिवसाला जायचं म्हणून. पूर्वी मी दाराआड धोका सांभाळायची, आता थाटमाट सांभाळू लागले. आणि खरं सांगू? मला ते आवडलं. सोन्याचा स्पर्श मऊ असतो.

मग दसरा आला. इथे सण तिथीला येत नाहीत, शनिवारी येतात. त्या शनिवारी सकाळी पाटावर लाल कापड अंथरून शस्त्रपूजा मांडली. विवेकचा लॅपटॉप, ऋताची शिवणाची कात्री, स्क्रूड्रायव्हर, गाडीच्या किल्ल्या, इलाचे क्रेयॉन. आणि मधोमध पिस्तूल. खऱ्या शस्त्राशिवाय कसली शस्त्रपूजा, असं विवेक दरवर्षी म्हणायचा. पूर्वी माझ्या पोटातून निघून ते पाटावर जायचं आणि हळद-कुंकू पुसलं की माझ्याकडे परत यायचं. यंदा फळीवरून उतरलं आणि फळीवर गेलं.

इला आता पहिलीत आहे. तिने विचारलं, "आई, कॅन आय टच इट?"

"नाही राजा. देवाचं आहे. हात नाही लावायचा, फक्त नमस्कार करायचा," ऋता म्हणाली आणि इलाच्या देखत ते पैठणीमागे ठेवून आली.

मित्रांनो, ही चूक तुम्ही ओळखली असेल. मुलांना जे धोक्याचं आहे असं सांगायचं, ते तिने पवित्र आहे असं सांगितलं.

त्याच दुपारी घरी पाहुणे होते. उल्हासकाका, म्हणजे जुने डॉक्टर, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले, आता निवृत्त. आणि ऋताचा धाकटा भाऊ सौमित्र, ह्यूस्टनला शिकणारा. श्रीखंड-पुरी झाली आणि विषय निघाला तो कायद्याचा. राज्यात नवा प्रस्ताव आला होता, बंदूक असलेल्या घराने ती कुलपातच ठेवली पाहिजे, नाहीतर दंड. त्यावर दोन आठवड्यांनी गावात सभा होती आणि ऋता तिथे प्रस्तावाच्या बाजूने बोलणार होती. शाळेतल्या मुलांच्या आयांनी तिलाच पुढे केलं होतं. आरशासमोर उभं राहून ती भाषण म्हणून बघायची, म्हणून मला ते तोंडपाठ होतं.

"काका, आमच्या कॅम्पसवर मागच्या सेमिस्टरला गोळीबाराचा अलर्ट आला," सौमित्र म्हणाला. "लॅबमध्ये दिवे घालवून टेबलाखाली बसलो होतो. फॉल्स अलार्म निघाला. पण टेबलाखाली बसलेल्याला ते माहीत नसतं ना! मला विचाराल तर विकायच्याच बंद करा."

"मी पहिल्यांदा आलो तेव्हा एका आडगावात एकटा डॉक्टर होतो रे," उल्हासकाका म्हणाले. "माझ्या खिडकीवर विटा यायच्या. शेरीफला फोन केला की तो जेवण उरकून यायचा. त्या गावात मला झोप कुणामुळे लागली? सरकारमुळे नाही. उशाशी बंदूक होती, म्हणून. बंदूक बाळगायचा हा हक्क माझ्यासाठी नुसता पुस्तकातला नाही."

"पण कुलूप लावा म्हटलं तर हक्क कुठे जातो, काका?" ऋताने विचारलं.

"माझ्या बंदुका कुलपातच आहेत. मुलं झाली त्या दिवसापासून. पण ते मी ठरवलं. सरकारने माझ्या कपाटात का डोकवावं?"

"सगळे तुमच्यासारखे नसतात. म्हणूनच कायदा लागतो."

"ज्यांना जमत नाही त्यांनी ठेवू नये, बाळ. एवढा सोपा कायदा आहे."

"आमची तर सेफमध्येच असते," ऋता म्हणाली. सहज म्हणाली. तोंडपाठ भाषणातलं वाक्य तोंडून निसटावं, तसं.

विवेकने तिच्याकडे बघितलं असावं. तेवढ्यात उल्हासकाका उठले. "बघू तरी." ते क्लॉझेटमध्ये आले, त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. "छान आहे. मजबूत आहे. अशी प्रत्येक घरात पाहिजे. मग कायदा कशाला?" दारात उभ्या असलेल्या ऋताने मान हलवली. तिचे डोळे एकदाच वर, पैठणीच्या खोक्याकडे गेले आणि खाली आले.

मित्रांनो, उभ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं आणि त्या कौतुकाने मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्या पोटात पाटल्या होत्या. पाहुणे गेल्यावर ऋता म्हणाली, "विवेक, आज ते परत आत ठेवूया." विवेक म्हणाला, "अगं, मग एवढं सोनं कुठे ठेवणार? उद्या बघू." आणि ती भांडी घासायला गेली.

पुढच्या शनिवारी इलाचा मित्र नील खेळायला येणार होता. नीलचं कुटुंब नुकतंच न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून इकडे आलं होतं. सकाळी ऋता क्लॉझेटमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती, फोन स्पीकरवर होता. नीलची आई, अदिती, बोलत होती. पार्किंग, नीलला शेंगदाणे चालत नाहीत, सगळं सांगून झालं तरी ती फोन ठेवेना.

"ऋता, एक विचारू? रागावू नकोस हं. खरं तर मला कळतच नाहीये कसं विचारायचं."

"अगं विचार ना."

"इथे सगळे विचारतात म्हणे. प्लेडेटच्या आधी. म्हणजे... घरात गन असते का? आणि असली तर लॉक्ड असते ना?"

आपली माणसं काय काय विचारतात! पगार किती, घर केवढ्याला घेतलं, दुसरं मूल कधी. पण हे विचारताना त्या बिचारीचा आवाज लाजेने अर्धा झाला होता. आणि लाजायला हवं होतं ते दुसऱ्याच कुणी.

ऋताच्या हातात इलाचा फ्रॉक होता. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पायाशीच होते. तिला एवढंच म्हणायचं होतं, थांब, मी आत्ता ठेवते आणि मग तुला सांगते.

"अगं हो, आहे. पण सेफमध्ये असते," ती म्हणाली. "डोंट वरी."

"थँक गॉड! सॉरी हं, विचारलं म्हणून."

"सॉरी काय? विचारायलाच हवं."

फोन बंद झाला. ऋताने फ्रॉकची घडी घातली, मोडली, परत घातली. तिने वर हात केला, पैठणीचं खोकं जरा सरकवलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती गेली.

नील आला. दुपारचं जेवण झालं. विवेक कामाला बाहेर गेला होता, ऋता स्वयंपाकघरात होती. आणि दोन लहान पावलं क्लॉझेटमध्ये आली, त्यांच्यामागे आणखी दोन.

"आपण दसरा खेळू या," इला म्हणाली. तिच्या हातात देवघरातला कुंकवाचा करंडा होता.

"हाऊ डू यू प्ले दॅट?"

"यू पुट टिळा ऑन टूल्स. मग नमस्कार."

तिने सगळं नीट मांडलं. कात्री, टेप, रवी, क्रेयॉन. झेंडूची कागदी फुलं. नीलने शहाण्यासारखा सगळ्यांना नमस्कार केला. मला हसू येत होतं. मग इला म्हणाली, "वन इज लेफ्ट. द बिग वन."

आणि तिने माझ्या डोक्यावर पाय ठेवला.

मित्रांनो, मी कशासाठी घडवले गेले ते तुम्हाला सांगितलंय. माझ्या खोक्यावरचं चित्र तुम्हाला सांगितलंय. मुलाचा हात आणि बंदूक यांच्यामध्ये राहण्यासाठी मी होते. आणि त्या दुपारी मीच त्या मुलाची पायरी झाले. माझ्यावर चढूनच तिचा हात फळीला पोचला. मी नसते तर तो पोचला नसता. तिच्या पावलांचा भार मला अजून जाणवतो. फार हलकी आहे ती.

खोकं सरकल्याचा आवाज झाला. अभ्रा खाली पडला. तिच्या टाचा माझ्या बटणांवर नाचत होत्या. एक चूक, दुसरी चूक, आणखी एक. आणि मी केकाटले. कारखान्यातल्या त्या बाईने शिकवलं होतं तशी. होती नव्हती ती सगळी बॅटरी त्यात गेली. याचं श्रेय मला देऊ नका. मी ओरडले ते बंदुकीसाठी नाही. माझ्या पोटातलं सोनं कुणी चोरतंय, असंच माझ्यातल्या तारांना वाटलं.

ऋतालाही तेच वाटलं. "इला! माझ्या दागिन्यांशी खेळू नकोस म्हटलं ना!" असं ओरडतच ती धावत आली.

दारात ती थांबली. इला खाली उतरून बसली होती. पिस्तूल तिने दोन्ही हातांत, आरतीचं ताट धरावं तसं धरलं होतं. त्याच्यावर कुंकवाचं मोठं बोट उमटलं होतं. आणि नील, तोंड अगदी जवळ नेऊन, त्याच्या नळीत कागदी झेंडू खोचत होता.

ऋता ओरडली नाही. ती गुडघ्यांवर बसली, अगदी हळू, आणि म्हणाली, "इला, मला दे. मी पण नमस्कार करते." इलाने दिलं. प्रसाद देतात तसं दिलं.

त्यात गोळ्या होत्या.

काहीच झालं नाही. त्या दिवशी त्या घरात काहीच झालं नाही, मित्रांनो. संध्याकाळी अदिती मुलाला न्यायला आली, त्याची लाल बोटं बघून हसली. "अरे वा, पूजाबिजा केली वाटतं!" ऋताही हसली. ते हसू मी भिंतीआडून ऐकलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसं होतं ते. गाडी गेली, तरी ती दारातच उभी होती.

विवेक आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "माझीच चूक आहे. पण अदितीला नको सांगूस. कळलं तर कोण आपल्या इलाशी मूल खेळायला पाठवेल? आणि पुढच्या आठवड्यात तू तिथे उभी राहून बोलणार आहेस. काय तोंड दाखवशील?"

"बाहेर काढलं ते मी, विवेक. आणि तिने मला सरळ विचारलं होतं रे," ऋता म्हणाली. "कायद्याबाबत उल्हासकाका बरोबर असोत की मी, ते राहू दे. काका निदान कुलूप लावतात. मी नुसती भाषणं करते."

त्यानंतर कुणी बोललं नाही. तीच ही शांतता, जिच्यात तुम्ही मला भेटलात. टिट्.

तो आवाज ऐकून ऋता उठली. माझी बॅटरी बदलली. कोड दाबला. आणि माझ्या पोटातून डबे काढून पलंगावर टाकू लागली. पाटल्या, ठुशी, चपलाहार, सगळं चादरीवर उघडं पडलं. पिस्तूल रिकामं करून विवेकने आणून दिलं. त्याच्यावरचं कुंकू अजून तसंच होतं. ते तिने पुसलं नाही. गोळ्या मात्र माझ्याकडे आल्या नाहीत. त्या विवेकने दुसऱ्या पेटीत घातल्या आणि तिची किल्ली ऋताच्या हातात ठेवली.

मित्रांनो, मला पुसू नका, चकचकीत करू नका, चार लोकांत माझं कौतुक करू नका. घरात तिजोरी असणं म्हणजे काही नाही. तिच्या आत काय आहे, ते महत्त्वाचं. जे तिथे असायला हवं ते आहे का, एवढं मोठ्यांना विचारा. आणि ज्याच्या घरी खेळायला जाल, तिथेही तुमच्या आईला विचारू द्या. ती लाजली तर तिचा हात धरा.

"इला, तो स्पंज आण बेटा. बाहुलीची गादी," ऋताने हाक मारली.

इला स्पंज घेऊन आली. बाहुली अजून त्या खळग्यातच झोपलेली होती. ऋताने बाहुली उचलून पलंगावर ठेवली, सोन्याच्या शेजारी. स्पंज माझ्या पोटात बसवला, खळग्यात पिस्तूल ठेवलं, दार लावलं. मग तिने फोन उचलून अदितीचं नाव दाबलं. फोन स्पीकरवर होता. तिकडे रिंग जाऊ लागली.

इला पलंगावरच्या चपलाहारावरून बोट फिरवत होती.

"आई, दॅट थिंग कॅन हर्ट पीपल, राइट? म्हणून तू ते लॉक केलंस?"

"हो राजा."

"पण गोल्ड डझन्ट हर्ट एनीबडी. मग आधी ते का आत होतं?"